तेवीस नंबरचं डोकं

१

“आत कोण गेलं ते लिहीत जा, पोरी. नुसता नंबर लिहून पुढे जाऊ नकोस,” असं मामांनी मला एकदा नाही, दोनदा बजावलं होतं. मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेसाठी एमआरआय मशीन चालवणारे तंत्रज्ञ. सख्खे मामा कुणाचेच नव्हते, पण मामा सगळ्यांचे होते. मी तेव्हा विद्यार्थिनी होते. वहीतून मान वर न करताच म्हटलं, “लक्षात राहतं हो मामा. आपण आहोत तरी किती जण!”

त्याला अकरा वर्षं झाली. आज माझी दहा महिन्यांची लेक शेजारी झोपली आहे आणि मी दर चार ओळींनी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघते आहे. नवरा म्हणतो, “अगं, तुझ्या बोटानेच जागी होईल ती.” म्हणू दे. न बघता गृहीत धरलं की काय होतं, ते मला आता चांगलं कळलं आहे.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले त्या आमच्या बाई मेंदूच्या शास्त्रज्ञ. ओळखीचा चेहरा दिसल्यावर मेंदूत काय घडतं, या एका प्रश्नावर त्यांनी तीस वर्षं घातली. माणसाला मशीनमध्ये निजवायचं, सिनेमातले, बातम्यांतले चेहरे दाखवायचे, ओळख पटली की हातातलं बटण दाबायला सांगायचं, आणि मेंदूचा कुठला भाग उजळतो ते टिपायचं. चेहरा ओळखण्याचं ठिकाण बहुतेकांत उजवीकडे असतं, हे आधीपासून माहीत होतं. बाईंनी दाखवून दिलं की ते एखाद्यात ठळकपणे डावीकडेही असू शकतं. त्यांच्या तीस माणसांत एक असं निघालं होतं, तेवीस नंबरचं. डावीकडे नारिंगी ठिपका असलेलं ते चित्र पाठ्यपुस्तकात गेलं, एका पुस्तकाच्या वेष्टनावरही झळकलं. त्या लेखाचा दाखला चार हजारांहून जास्त लेखांनी दिला. शस्त्रक्रियेआधी दोन्ही बाजू तपासायची सवय कितीतरी सर्जनना त्या चित्राने लावली.

बाई यंदा निवृत्त होणार होत्या. त्यांचे सगळे जुने स्कॅन जगातल्या अभ्यासकांना खुले करायचं ठरलं, आणि घरी बसून करता येईल म्हणून ती आवराआवर माझ्याकडे आली. नियमाप्रमाणे एका स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडून सगळी डोकी नजरेखालून घालून घ्यायची होती. आमच्यापैकी डॉक्टर कुणीच नव्हतं. आम्ही ठिपके बघायचो, आजार नाही.

एका सकाळी लेकीला भरवत असताना त्यांचा फोन आला. आवाज सरळ, कामापुरता.

“तुमचं ते तेवीस नंबरचं माणूस जिवंत आहे का?”

२

मेंदूच्या तळाशी असलेल्या एका रक्तवाहिनीला वाटाण्याएवढा फुगवटा होता. तो फुटला तर माणूस तासाभरात जाऊ शकतं, आणि वेळेवर कळला तर बंद करता येतो, असं त्यांनी सांगितलं.

नंबर आणि नावं यांची यादी सीलबंद असते. जिवाचा प्रश्न असला तरच ती उघडता येते. बाईंनी त्याच दिवशी संशोधनावर देखरेख करणाऱ्या समितीकडून परवानगी आणून पाकीट फोडलं. तेवीस नंबर : शाळेतल्या एक शिक्षिका. फॉर्मवर ‘पुन्हा संपर्क नको’ अशी खूण, म्हणूनच इतकी वर्षं बाईंना आपल्या या प्रसिद्ध माणसाला परत बोलावता आलं नव्हतं. आता बोलावलं. चार दिवसांत नवीन स्कॅन झाला.

रक्तवाहिन्या स्वच्छ. फुगवटा नाही. तो कधी बंद केल्याच्या खुणाही नाहीत.

“विरला असेल का?” मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“असा माग न ठेवता? आणि सोबत मेंदूच्या घड्याही बदलल्या?” त्या म्हणाल्या. “हे दोन वेगळे मेंदू आहेत. पहिलं माणूस शोधा. लवकर.”

बाई खिडकीपाशी उभ्या होत्या. “कुठेतरी फायली बदलल्या असतील,” त्या म्हणाल्या. पण त्यांच्या आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता.

मी लेकीला कडेवर घेऊन शिक्षिकेच्या घरी गेले. उंचीपुरी, मोकळं बोलणारी बाई. वह्या तपासत होती.

“मला हे रामायण कशासाठी चाललंय तेच कळेना,” ती म्हणाली. “तुम्ही बोलावलंत म्हणून आले. पण मी तर त्या यंत्रात आयुष्यात पहिल्यांदा गेले, ते आत्ता, परवा.”

“आणि अकरा वर्षांपूर्वीच्या रविवारी?”

“माझी मुलगी तापाने फणफणली होती. फॉर्म आधीच भरून दिला होता, पण आलेच नाही मी. तुमच्याकडून एका मुलीचा फोन आला होता, तिला सांगितलं की तसं. चांगली होती मुलगी. म्हणाली, काही हरकत नाही.”

ती मुलगी मी होते.

३

इथे आमची एक पद्धत सांगायला हवी. मशीन दवाखान्याचं होतं. आम्हाला ते फक्त रविवारी सकाळी मिळायचं, आणि गेलेली वेळ दीड महिना परत यायची नाही. एखादं माणूस आलं नाही तर आमच्यापैकीच कुणीतरी आत आडवं व्हायचं, मशीनची चाचणी म्हणून. आम्ही त्याला ‘जागा भरणं’ म्हणायचो. तो स्कॅन वेगळ्या खणात जायला हवा, मूळ नंबराखाली नव्हे. म्हणूनच मामा म्हणायचे, नाव लिही.

मी वही काढली. त्या रविवारी माझ्याच गोल अक्षरात लिहिलं होतं : “२३ – झालं.” पुढे काही नाही.

मग मी मूळ तबकडी उघडली, छापलेल्या चित्राच्याही आधीची. नियम पाळायचा म्हणून सगळ्या डोक्यांवरचे चेहरे कधीच पुसले गेले होते, त्यामुळे नाकडोळे मिळायची सोय नव्हती. पण फायलीसोबत बाईंची एक जुनी टीप होती : “चित्र उलटं साठवलं गेलं आहे. सरळ केलं.”

ती टीप वाचताच मला ती दुपार आठवली. बटण आम्ही सगळ्यांना उजव्या हातात द्यायचो, आणि उजवा हात हलला की मेंदूची डावी बाजू उजळते. तेवीसची उजवी बाजू उजळली होती. बाईंना वाटलं, आरशात दिसावं तसं संगणकाने चित्र उलटवलं आहे. त्या काळी असं व्हायचं. तसं झालं तर कळावं म्हणून आम्ही माणसाच्या उजव्या कानशिलावर तेलाची एक छोटी गोळी चिकटवायचो. ती चित्रात पांढरी दिसते. तेवीसची गोळी उजवीकडेच दिसत होती. म्हणजे चित्र सरळ होतं.

बाईंनी मला विचारलं होतं, “गोळी चुकून डावीकडे लावलीस का गं?” आणि बोलणी संपावीत म्हणून मी म्हणाले होते, “असेल, बाई.”

त्या ‘असेल’वर बाईंनी चित्र उलटवलं. हाताची जागा डावीकडे गेली, आणि तिच्यासोबत चेहऱ्याचा ठिपकाही डावीकडे गेला. जगभर गाजलेला तो अपवाद माझ्या एका शब्दातून जन्मला होता.

पण मी त्या दिवशी गोळी लावलीच नव्हती. मी वर फोन करत होते. गोळी लावणाऱ्याने बरोबर लावली असेल, तर अर्थ एकच. आतलं माणूस डाव्या हाताने बटण दाबत होतं.

डावखुऱ्या माणसांना आम्ही अभ्यासात घेतच नव्हतो. पण आमच्यात एक जण डावखुरा होता. माझा सीनियर, ज्याला आम्ही दादा म्हणायचो.

४

दादाची आता स्वतःची मोठी प्रयोगशाळा आहे. फळ्यावर डाव्या हाताने लिहिता लिहिता त्याने माझं ऐकलं, आणि खडू खाली ठेवला.

“मी नव्हतो,” तो म्हणाला. “मला तर इतकी वर्षं वाटतंय की तू होतीस.”

“मला वाटलं तू.”

“वा! काय जोडी आहे आपली.” तो हसला नाही. “अगं, मी चहा आणायला कोपऱ्यावर गेलो होतो. मावशींचा हात भाजला तेव्हापासून बाईंनी किटलीच बंद केली होती ना वरची. तीन पेले घेऊन आलो तर दारावर लाल दिवा. म्हटलं, चला, ही गेली आत. मी वर जाऊन बसलो.”

“मीही लाल दिवाच बघितला. वहीत लिहून फॉर्म भरायला गेले.”

“दार उघडून बघितलं नाहीस?”

“तू बघितलंस?”

माझ्या कडेवरच्या लेकीच्या हातातून किल्ली सोडवत तो म्हणाला, “माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. वजन बघ. माणसाचं वजन भरल्याशिवाय मशीन चालूच होत नाही, आणि मामा ते अंदाजाने कधी टाकत नाहीत. काट्यावर उभं करतात. मी तेव्हाही नव्वदच्या घरात होतो.”

त्याच्याच संगणकावर आम्ही फाइल उघडली. शिक्षिकेच्या फॉर्मवर अडुसष्ट किलो होतं. स्कॅनच्या फायलीत होतं त्रेचाळीस.

दादाने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. होस्टेलच्या जेवणावर वाळलेली मी त्या वर्षी बरोबर त्रेचाळीस किलोची होते. प्रयोगशाळेतले सगळे मला काडी म्हणायचे.

मी उजव्या हाताची आहे, पण मी कितीदा जागा भरली होती! एखाद्या वेळी बटण डावीकडे घेतलं नसेल कशावरून? फोन करत होते असं मला आठवतं. आठवणींवर इतकं काम केल्यावर त्यांच्यावर किती भरवसा टाकायचा, तेही मला माहीत होतं. घरी येऊन मी लेकीला उचललं आणि लगेच खाली ठेवलं. ती हातात असतानाच माझ्या डोक्यात काही फुटलं तर?

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला रजा घ्यायला लावून मी जुन्या चाचण्यांच्या खणातून माझा एक स्कॅन काढला, नाव लिहिलेला. मेंदूच्या घड्या बोटांच्या ठशांसारख्या असतात. एकाच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत. मी दोन्ही मेंदू शेजारी ठेवले.

जुळत नव्हते. मी तिथेच टेबलावर डोकं टेकून रडले. सुटकेचं रडणं होतं ते, आणि लाजेचंही. माझं नव्हतं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी होतं.

५

बाई त्या रविवारी परगावच्या परिषदेत होत्या. तिथून त्यांनी फोनवर सांगितलं होतं, “तास वाया घालवू नका.” दादा बाहेर, मी वर. मामा मशीनबाहेरच्या काचेमागे. ते आत असते तर मशीन चालवलं कोणी? मग आत कोण?

मामांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. घरामागच्या शेडमध्ये ते लोकांचे रेडिओ दुरुस्त करत बसतात. लेकीला बघून खुलले. “काडीला काडी झाली म्हणायची!”

मी विषय काढला तसा त्यांचा हात थांबला. “इतकं जुनं कुठे आठवतंय. काचेतून आम्हाला फक्त तळपाय दिसतात, पोरी.”

“पण काट्यावर तुम्हीच उभं करता ना, मामा? त्रेचाळीस किलो.”

“असेल कुणीतरी तुमच्यापैकी.”

“गोळी कोणी लावली?”

“मीच लावली असणार. उजवीकडे. माझी गोळी कधी चुकली नाही.” त्यांनी पेचकस उचलला, पण कामाला लावला नाही. त्यांना आठवत होतं.

परत येताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत राहिले. डावखुरं नसलेल्या माणसाने डावा हात का वापरावा? आता मी दिवसभर एका हातात लेक धरून दुसऱ्या हाताने सगळं करते. लोणी लावते, फोन लावते, दार उघडते. नेहमीचा हात मोकळा नसला तर माणूस दुसरा वापरतं. डावखुरं असायची गरजच नाही. उजवा हात तेवढा निकामी हवा.

आणि मग दादाच्या तीन पेल्यांपाशी मन अडकलं. किटली का बंद होती?

प्रथमोपचाराची वही माझ्याच ताब्यात असायची. ती कागदांच्या खोक्यात सापडली. त्या रविवारच्या आधीचा शुक्रवार : “सफाईवाल्या मावशी. उजवा तळहात वाफेने भाजला. मलम, पट्टी.” खाली माझी सही.

पट्टी मी स्वतः बांधली होती. त्यांचं मनगट माझ्या हातात आलं होतं आणि माझ्या मनात आलं होतं की हे माझ्याहून बारीक आहे. रविवारी सकाळी त्या इमारतीत आणखी एक माणूस नेहमीच असायचं. चौथी व्यक्ती म्हणून आम्ही कुणीच तिला मोजलं नव्हतं.

६

मामांकडे मी बाईंना घेऊन गेले. वही पुढे ठेवली. मामांनी ती वाचली, मिटली, आणि बाईंकडे न बघता बोलू लागले.

“तुम्ही फोनवर म्हणालात, तास वाया घालवू नका. ही दोघं गायब. मावशी जिना पुसत होत्या. मी म्हटलं, मावशी, जरा अर्धा तास पडता का, चेहरे बघायचे, ओळखीचा आला की बटण. त्या म्हणाल्या, बरंय, तेवढीच पाठ टेकेल. उजव्या हाताला पट्टी, म्हणून बटण डावीकडे दिलं. मला वाटलं, ही पोरगी नाव लिहील आणि स्कॅन बाजूला काढेल. तिने लिहिलं नाही. फॉर्म नाही, सही नाही. पुढे तुमचा लेख गाजला. मग कोणत्या तोंडाने सांगू?”

“त्या काही म्हणाल्या का, बाहेर आल्यावर?” बाईंनी विचारलं.

मामांचा चेहरा वाकडा झाला. “म्हणाल्या, माझं डोकं आतून कसं आहे हो? ठीक आहे ना? मी म्हटलं, एकदम झकास.”

लेक वहीचा कोपरा तोंडात घालत होती. तो काढून घ्यायचंही मला सुचलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, “बाई, तो ‘असेल’ माझा होता.”

“विचारणारी मी होते,” बाई म्हणाल्या. “आणि मला ते उत्तर हवं होतं. गोळी एक सांगत होती आणि माझी कल्पना दुसरं. मी गोळी खोटी ठरवली. तीस वर्षं मुलांना काय शिकवलं मी?”

“तुमचं नाव जाईल, बाई,” मामा म्हणाले. “चार हजार लोकांनी…”

“त्यांना मी कळवीन. तो अपवाद नव्हताच, असं लिहीन. तुमचं नाव त्यात नाही घालणार, हिचंही नाही.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “पण ते पत्र आपल्याला मावशी सापडेपर्यंत थांबवायचं नाही. उलट त्यानेच शोध सुरू होईल. ते आधी जाऊ दे. माझ्या निवृत्तीच्या सत्काराचं काय ते नंतर रद्द करू.”

पत्र गेलं. लेख मागे घेतला गेला. बाईंना फोन येतात, काही आदराने, काही आनंदाने. दुसऱ्या प्रकारचे जास्त येतात. त्या सगळे घेतात, आणि प्रत्येकाला शेवटी एकच गोष्ट विचारतात, जी मी आता तुम्हाला विचारणार आहे.

मावशी आमच्याकडून दहा वर्षांपूर्वी गेल्या. सफाईचं कंत्राट बदललं, जुन्या कंत्राटदाराचे कागद राहिले नाहीत. दादाने त्यांची जुनी चाळ शोधली, ती पाडलेली होती. मामा रोज सायकलवर निघतात, दवाखाने आणि शाळा विचारत फिरतात. एका शेजारणीने सांगितलं की त्या मुलीकडे गेल्या, मग तिथूनही कुठे दुसरीकडे कामाला लागल्या. एवढं कळलं की दोन वर्षांपूर्वी त्या होत्या आणि काम करत होत्या.

आता साठीच्या आसपास असतील. ठेंगण्या, बारीक. कामाला लागल्या की बादलीशी बोलतात, दाराशी बोलतात. “सरक की बाई जरा,” असं खुर्चीला म्हणतात. वरच्या दातांत मधोमध फट आहे, आणि हसताना त्या तोंडावर हात घेत नाहीत.

तुमच्या ऑफिसात, तुमच्या जिन्यात, तुमच्या मुलांच्या शाळेत अशी कुणी असेल तर उद्यावर टाकू नका. तिच्यापाशी जा. घाबरवू नका. आधी बसा, मग विचारा, पूर्वी कधी तुम्ही एका मोठ्या नळकांड्यासारख्या यंत्रात पडून चेहरे बघितले होते का? हो म्हणाली, तर उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीचं डॉक्टरांना सांगायचं आहे. उजव्या, पुस्तकातल्या उलटवलेल्या चित्रात दिसते त्या डाव्या नव्हे. आणि नाही म्हणाली, तरी डोकं दुखतं का, एवढं विचाराच. ती “काही नाही हो, जरासं ठणकतं” म्हणेल आणि फडकं पिळायला लागेल. तेव्हा निघून येऊ नका. ते फडकं तिच्या हातातून घ्या आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा.